वेश आणि विसंगती : व्हिक्टोरियन पँटोमाइम व मराठी संगीत रंगभूमी यांतील स्त्रीवेशाचा तौलनिक विचार

प्रास्ताविक

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजेच प्राचीन तगर होय, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलेले मत पुढे अभ्यासकांनी स्वीकारले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात तगरहून गाड्यांनी भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या मालाची नोंद आहे. हा माल प्रामुख्याने कापडाचा आहे : साधे जाडेभरडे कापड आणि नाना प्रकारची मलमल. तेरची प्राचीन कीर्ती ही अशी कापडाची कीर्ती आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयातील सातवाहनकालीन मृण्मूर्ती, पांढऱ्या केओलिन मातीत दुहेरी साच्यातून काढलेल्या स्त्रीप्रतिमा आणि तेरलाच मिळालेली, इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या प्रतिमेशी साम्य असणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती यांकडे केवळ वेशभूषेच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. या स्त्रियांचा वेश वस्त्रापेक्षा केशरचनेने आणि अलंकारांनी सिद्ध झाला आहे. कमरेला मेखला आहे, हातांत कंकणे आहेत, केसांची बांधणी गुंतागुंतीची आहे. उत्तरांग मात्र अलंकारांनीच काय ते झाकलेले. नाकात नथ कोठेही नाही. प्राचीन भारतीय शिल्पात ती असणारच नाही, कारण हा अलंकार फार उत्तरकालीन आहे.

आता मराठी संगीत रंगभूमीवरील शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी यांची जुनी छायाचित्रे डोळ्यांसमोर आणावीत. काठपदराची नऊवारी, अंगाबरोबर बसलेली चोळी, खांद्यावरून नीट आवरलेला पदर, नथ, अंबाडा आणि त्यावर फुलांची वेणी. महाभारतकालीन राजकन्या आणि पेशवाईनंतरच्या पुण्यातील सुस्थित घरची सून यांत वेशापुरता फरक उरत नाही. हा फरक का उरला नाही, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे. त्याचे नेहमीचे उत्तर ‘त्या काळी इतिहासाचे भान नव्हते’ असे दिले जाते. ते उत्तर अपुरे आहे, किंबहुना चुकीचे आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्यासाठी त्याच काळातील एका दूरच्या रंगभूमीशी, इंग्लंडमधील पँटोमाइमशी, तुलना केली आहे. तुलनेचे कारण सरळ आहे. दोन्ही रंगभूमींवर पुरुष स्त्रीवेश घेत होते, दोन्हीकडे पुराणकथा वा परीकथा हा विषय होता, आणि दोन्हींच्या इतिहासात १८४३ हे वर्ष कलाटणीचे आहे. सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते त्याच वर्षी. आणि इंग्लंडमध्ये नाट्यगृहविषयक कायद्याने गद्य संवादांवरील दोन-तीन नाट्यगृहांची मक्तेदारी मोडली तीही त्याच वर्षी. हा योगायोग आहे. त्यातून कार्यकारणभाव काढू नये. परंतु एकाच सुमारास मोकळ्या झालेल्या दोन लोकप्रिय रंगभूमींनी कपड्यांबाबत परस्परविरुद्ध निर्णय घेतले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

नाताळच्या खेळातील कपडे

पँटोमाइम हा शब्द मराठीत मूकाभिनयासाठी रूढ झाल्यामुळे येथे थोडा खुलासा आवश्यक ठरतो. व्हिक्टोरियन पँटोमाइम मुके नव्हते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला सुरू होऊन पुढे कित्येक आठवडे चालणारा तो गाण्यांचा, कोट्यांचा, नाचांचा आणि चमत्कृतिदृश्यांचा कौटुंबिक खेळ होता. ‘सिंड्रेला’, ‘अलादीन’, ‘चाळीस चोर’ अशा सर्वपरिचित कथा त्यात असत. शतकाच्या पूर्वार्धात या कथाभागाला जोडून हार्लेक्विन, कोलंबाइन, पँटलून आणि विदूषक यांचा धावपळीचा भाग असे. परी जादूची कांडी फिरवी आणि कथेतील पात्रे या चौकडीत रूपांतरित होत.

हे रूपांतर कपड्यांच्या युक्तीवर अवलंबून होते. नट कथाभागात कागदाच्या लगद्याचे प्रचंड मुखवटे आणि सैल अंगरखे घालीत. आत हार्लेक्विनचा टिकल्यांचा घट्ट पोशाख आधीच चढवलेला असे. कांडी फिरताच वरचा वेश क्षणात ओढून काढला जाई. वेशाखाली वेश ही कल्पना प्रेक्षकाला ठाऊक असे, आणि आनंद होता तो हे ठाऊक असण्याचाच. ड्रुरी लेन नाट्यगृहासाठी असे मुखवटे बनवणारे रिचर्ड विन कीन ‘डिकविनकिन’ या टोपणनावाने ओळखले जात. मुखवटेकाराला स्वतःचे नाव होते आणि ते लोकांना माहीत होते, हे येथे नोंदवून ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होईल.

शतकाच्या उत्तरार्धात खेळाचा भर बदलला. १८७९ मध्ये ऑगस्टस हॅरिस यांनी ड्रुरी लेनचा कारभार हाती घेतल्यानंतर पँटोमाइम म्हणजे कपड्यांची मिरवणूक असे समीकरण झाले. १८८६ च्या ‘चाळीस चोर’ या खेळात प्रत्येक चोरामागे त्याच्या अनुचरांचा ताफा होता आणि त्या सर्वांचे वेश वेगवेगळे होते. हॅरिस यांच्यासाठी वेश रेखाटणारे विल्यम जॉन चार्ल्स पिचर (१८५८–१९२५) ‘विल्हेल्म’ या नावाने काम करीत. त्यांची जलरंगातील रेखाटने मोठ्या संख्येने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. फुलांचे, कीटकांचे, रत्नांचे, पक्ष्यांचे मानवी वेश त्यांनी काढले, आणि समूहातील एका रांगेकडून दुसऱ्या रांगेकडे रंग कसा उतरत जावा याचा विचार केला. मूळ कथेशी या वैभवाचा संबंध अनेकदा नावापुरताच असे. आज कपड्यांच्या राशीखाली नाटक गुदमरले अशी तक्रार ऐतिहासिक मालिकांविषयी केली जाते. ती तक्रार तेव्हाच्या पँटोमाइमविषयीही करता आली असती.

या झगमगाटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तलम जाळीदार कापड आणि उघड्या ज्योतीचे दिवे यांचे वैर होते. १८४४ च्या डिसेंबरात क्लारा वेब्स्टर ही नर्तिका ड्रुरी लेनच्या रंगमंचावरच पोशाखाने पेट घेतल्याने भाजली आणि त्यातच तिचा अंत झाला. ती नृत्यनाट्यात नाचत होती. पण पँटोमाइममधील पऱ्यांचा पोशाख त्याच जातीच्या कापडाचा असे. वेशभूषेच्या इतिहासात कापडाचा पोत आणि दिव्याची जात या दोन गोष्टी सौंदर्याच्या आधी येतात.

उघड ठेवलेली विसंगती

पँटोमाइममधील दोन पात्रे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले ‘प्रिन्सिपल बॉय’, म्हणजे कथानायक. ही भूमिका तरुण स्त्री करी. दुसरे ‘डेम’, म्हणजे प्रौढ बाई, बहुधा नायकाची आई. ही भूमिका पुरुष विनोदी नट करी.

नायक झालेल्या स्त्रीचा वेश पुरुषाचा म्हटला तरी त्यात पुरुषत्वाचा आभास निर्माण करण्याचा प्रयत्न नसे. आखूड अंगरखा, पायांना घट्ट बसणारे मोजे, टाचांचे बूट, आणि कमर कॉर्सेटने आवळलेली. ज्या काळात स्त्रियांचे घोटे दिसणेही अशिष्ट मानले जाई आणि १८५०–६० च्या दशकांत घेरदार सांगाड्याचे झगे रूढ होते, त्या काळात रंगमंचावरील ‘राजपुत्र’ हा पाय दाखवण्याचा मान्य मार्ग होता. त्याची पूर्वपीठिका मादाम व्हेस्ट्रिस यांच्या पुरुषवेशातील भूमिकांत आहे. त्यांनी १८३१ मध्ये ऑलिंपिक नाट्यगृह चालवावयास घेतले. प्रेक्षकाने राजपुत्रात स्त्री पाहावी, यासाठीच हा वेश बेतलेला होता. त्यात स्त्रीदेहाचा बाजार होता हे खरे. परंतु अभिनेत्रीला धाडसी, बोलकी, कथेची सूत्रे हाती घेणारी भूमिका मिळाली, हेही तितकेच खरे. या दोन विधानांपैकी एकाचीच निवड करण्याची गरज नाही.

डेमचा वेश याच्या उलट टोकाचा, पण तत्त्व तेच. या भूमिकेचा सर्वांत मोठा नट डॅन लेनो (१८६०–१९०४). त्याने १८९६ च्या ‘अलादीन’मध्ये विधवा ट्वांकी आणि १९०२ मध्ये ‘मदर गूज’ केली. हे ट्वांकी नाव एच. जे. बायरन यांच्या १८६१ च्या प्रहसनातून आलेले. मूळचे ते चिनी हिरव्या चहाच्या एका प्रकाराचे नाव. लेनोने डेमला भडक बाहुली न करता लंडनच्या गल्लीतील कष्टकरी बाई केले. शाल, एप्रन, ओढून बांधलेला आणि सुटू पाहणारा अंबाडा, झिजलेले बूट. प्रेक्षकाला ही बाई ओळखीची होती आणि त्याच वेळी आत पुरुष आहे हेही दिसत होते. वेश आणि देह यांत राहिलेल्या फटीतून विनोद निर्माण होई. ती फट बुजवली असती तर डेम संपली असती.

ऐतिहासिक अचूकतेचे भान या रंगभूमीला नव्हते असे म्हणता येत नाही. जे. आर. प्लांशे यांनी १८२३ मध्ये चार्ल्स केम्बल यांच्या ‘किंग जॉन’साठी थडग्यांवरील प्रतिमा आणि हस्तलिखिते तपासून वेश सिद्ध केले आणि १८३४ मध्ये ब्रिटिश पोशाखाचा इतिहास लिहिला. हेच प्लांशे परीकथांवरील हलकीफुलकी गद्यपद्य नाटके लिहीत होते, आणि व्हेस्ट्रिस यांच्या ऑलिंपिकमधील पहिल्याच खेळात त्यांनी थट्टेचा विषय झालेल्या ग्रीक देवतांना अस्सल ग्रीक पोशाख दिला. देव बोलतात लंडनच्या बोलीत आणि कपडे मात्र शिल्पातले : येथे अचूकता हेच विनोदाचे साधन झाले. म्हणजे पुरावा हाती असणे आणि तो वापरणे वा न वापरणे या स्वतंत्र गोष्टी आहेत.

सुभद्रा, शकुंतला आणि कुलीनतेचा वेश

मराठी रंगभूमीकडे वळताना भाव्यांच्या नाटकांपासून सुरुवात करावी लागते. ‘सीतास्वयंवर’मागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. गणपती, मोरावर बसून नाचत येणारी सरस्वती, आरडाओरडा करीत येणारे राक्षस, असा तो थाट. वेश येथे व्यक्तीचा नसून जातीचा आहे : देव कोण, राक्षस कोण हे दुरून कळावे. कोकणातील दशावतारात काळ्या वेशातील संकासुर आजही याच तत्त्वाने येतो. पारशी नाटक मंडळ्यांनी लोकप्रिय केलेल्या अमानतच्या ‘इंदरसभा’तही पऱ्या रंगांनीच ओळखल्या जातात : सब्ज, पुखराज, नीलम आणि लाल. या टप्प्यावर आपली रंगभूमी आणि लंडनचे पँटोमाइम फारशी दूर नाहीत. दोन्हीकडे वेश हा उघड वेश आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले आणि ही स्थिती बदलू लागली. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. त्याच सुमारास बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर सुभद्रेच्या भूमिकेने महाराष्ट्रभर गाजले. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्याच भूमिकेने बालगंधर्वांची कारकीर्द सुरू झाली. १९११ च्या ‘मानापमान’मधील भामिनी, १९१६ च्या ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी, १९१९ च्या ‘एकच प्याला’मधील सिंधू या भूमिकांनी स्त्रीपार्टाचा अर्थच ठरवून टाकला.

कालिदासाच्या पहिल्या अंकातच शकुंतलेच्या वेशाविषयी एक प्रसंग आहे. प्रियंवदेने वल्कल फार घट्ट बांधले अशी तक्रार ती करते आणि अनसूया ते सैल करते. प्रियंवदा त्यावर तिच्या यौवनाची थट्टा करते. स्त्रीदेहाकडे थेट लक्ष वेधणारा हा वेशप्रसंग पुरुषनटाने करावयाचा, आणि समोर सुशिक्षित, सहकुटुंब प्रेक्षक बसलेला. डेमच्या रंगभूमीवर येथे हशा पिकला असता. संगीत रंगभूमीला हशा परवडणारा नव्हता. तिला या ठिकाणी देह विसरायला लावणारा वेश हवा होता, आणि तो तिने घडवला.

तो घडवताना प्राचीन पुरावा उपलब्ध नव्हता काय? तेरच्या मूर्ती तेव्हा अभ्यासकांसमोर आलेल्या नव्हत्या हे खरे. तेरचे शास्त्रशुद्ध उत्खनन बी. एन. चापेकर यांनी १९५८ मध्ये केले. शिवाय या मूर्ती कालिदासाच्या आधीच्या आहेत; त्यांचा शकुंतलेशी थेट मेळ घालता येणार नाही. पण अजिंठा होता. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. म्हणजे पुण्यात ‘शाकुंतल’ उभे राहत असताना मुंबईत प्राचीन भारतीय वेशाची रंगीत नोंद तयार होत होती. कार्ल्याची शिल्पे तर पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या वाटेवरच. अजिंठ्यातील राण्या, दासी आणि अप्सरा यांच्या वेशात आणि संगीत रंगभूमीच्या नायिकांच्या वेशात जे अंतर आहे ते अज्ञानाचे म्हणता येत नाही. तो निवडीचा परिणाम आहे. अजिंठ्याचा वेश पुरुषनटाच्या अंगावर चढू शकत नव्हता, आणि चढला असता तरी त्या प्रेक्षकासमोर कुलीन ठरला नसता.

नऊवारीने दोन्ही प्रश्न सोडवले. कासोट्याने आणि निऱ्यांनी कमरेखालचा आकार नटाच्या स्वाधीन राहतो. पदराने छाती आणि खांदे झाकले जातात, आणि पदर हे हातांना सतत काम देणारे अभिनयाचे साधनही होते. गंगावनाने केस वाढतात, दागिन्यांनी गळा आणि मनगटे यांचा पुरुषी रुंदपणा मोडतो. पुरुषदेहावर स्त्रीचा आभास उभा करण्यासाठी यापेक्षा सोयीचे वस्त्र मिळणे कठीण. राजा रविवर्म्यांच्या चित्रांनी, आणि १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या त्यांच्या शिळाप्रेसच्या स्वस्त प्रतींनी, देवता आणि पुराणातील नायिका साडीत पाहण्याची सवय घरोघर पोहोचवली. रंगमंच आणि भिंतीवरील चित्र एकमेकांना दुजोरा देऊ लागले. ‘पौराणिक वेश’ म्हणून आज महाविद्यालयीन स्नेहसंमेलनासाठी ड्रेसवाल्याकडून जे कपडे भाड्याने येतात त्यांचे वय त्यामुळे जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षे आहे. ते पुराणाइतके जुने आहेत या समजुतीनेच विद्यार्थी ते अंगावर चढवतात.

बालगंधर्वांच्या बाबतीत हा आभास रंगमंचाबाहेर गेला. शालू आणि पैठण्या खऱ्या, दागिने निवडक, अत्तर अस्सल. आणि प्रेक्षकांतील स्त्रिया त्यांच्यासारखे नेसू लागल्या, केस बांधू लागल्या. चरित्रकार हे सारे कौतुकाने आणि थोडे हळहळीने सांगतात : कौतुक सौंदर्यदृष्टीचे, हळहळ मंडळीवर साचलेल्या कर्जाची. समीक्षेने याहून वेगळा प्रश्न विचारायला हवा. घरंदाज स्त्रीने कसे दिसावे, कसे चालावे, पदर किती ओढावा याचा वस्तुपाठ एका पुरुषाने दिला आणि तो स्त्रियांनी स्वीकारला, हे नेमके कशामुळे शक्य झाले? तोपर्यंत घरंदाज स्त्रीला रंगमंचावर बंदी होती, आणि ज्या स्त्रिया रंगमंचावर होत्या त्यांना घरंदाज मानले जात नव्हते. या रिकाम्या जागेत वेश उभा राहिला. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही त्या काळी होत्या. त्यांत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. त्यांच्या पुरुषवेशाचे असे कौतुक झाले नाही, अनुकरण तर दूरच. प्रिन्सिपल बॉयसारखी मान्यता मराठी रंगभूमीने पुरुषवेशातील स्त्रीला दिली नाही. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनाही नेसायचे होते ते पुरुषांनी पन्नास वर्षे घडवलेल्या आदर्शाच्या सावलीतच.

‘एकच प्याला’ येथे थोडे वेगळे उभे राहते. गडकऱ्यांची सिंधू दारिद्र्यात उतरत जाते, जात्यावर दळण दळते. या भूमिकेत वेशाची श्रीमंती काढून घ्यावी लागते. शालूने झाकलेला आभास साध्या, विटलेल्या लुगड्यात टिकतो का, ही स्त्रीपार्टाची सर्वांत अवघड परीक्षा. आणि बालगंधर्वांची सिंधू प्रेक्षकांनी भामिनीइतकीच जवळ केली, यावरून तो आभास केवळ कापडाच्या किमतीवर उभा नव्हता हे मान्य करावे लागते. उत्तरकाळात वय आणि देह साथ देईनासे झाले तरी ते स्त्रीभूमिका करीत राहिले. तेव्हाच्या प्रेक्षकाला फट दिसत होतीच. पण तो ती न पाहण्याचे ठरवून बसे. डेमचा प्रेक्षक फट पाहण्यासाठी येई, गंधर्वांचा प्रेक्षक ती विसरण्यासाठी. म्हणूनच इंग्रजी समीक्षेतील ‘स्त्रीचे सोंग’ या अर्थाची संज्ञा दोहोंना सरसकट लावणे, जे आपल्या चर्चासत्रांतील निबंधांत वारंवार घडते, दिशाभूल करणारे आहे.

मावशीचा पदर

मग डेमचे मराठी नातेवाईक नाहीतच काय? आहेत, आणि ते जवळचेच आहेत. तमाशातील गौळणीत मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणींची म्होरकी मावशी असते. ही भूमिका पुरुष करतो. त्याच्या वेशाला बरेचदा वेश म्हणणेही धाडसाचे ठरावे : धोतरावरच डोक्यावरून ओढलेला पदर वा उपरणे, कमरेवर हात, तोंडात फटकळ बोली. मिशा असल्या तर त्या तशाच. कृष्ण आणि पेंद्या यांच्याशी तिची जुगलबंदी चालते ती या उघड्या विसंगतीच्या बळावर. भारुडातही हेच घडते. वारकरी संप्रदायात गोरोबाकाकांचे गाव म्हणून तेरला जे स्थान आहे त्यामुळे भारुड या परिसरातील श्रोत्यांना नवे नाही. सोंगी भारुडात गडी लुगड्याचा पदर डोक्यावर घेतो, सासूबद्दल तक्रार करतो आणि त्याच तोंडाने परमार्थ सांगतो. बाई खरी वाटावी अशी अपेक्षाच नाही. बाई खरी वाटली तर रूपक बुडेल.

संगीत रंगभूमीने वेशाच्या बाबतीत स्वतःला ज्यापासून दूर केले ते हेच. नऊवारी तमाशातही होती, संगीत नाटकातही. फरक नेसण्याच्या ढंगात, पदराच्या शिस्तीत आणि फट झाकण्यात होता. एका बाजूला कुलीन, दुसऱ्या बाजूला ग्राम्य अशी रेषा कपड्यांनी आखली गेली आणि ती जातीच्या रेषेशी बरीच मिळतीजुळती होती. आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांच्या १९०३ मधील ‘मराठी रंगभूमी’ या ग्रंथापासून नाट्येतिहास मंडळ्या, नाटककार आणि गायकनट यांच्या आधारे लिहिला गेला. कपडेपट सांभाळणारे, लुगडी धुणारे, गंगावने बांधणारे त्यात आले नाहीत. मावशी तर नाट्येतिहासाच्या दाराबाहेरच राहिली. डिकविनकिनला नाव होते, विल्हेल्म यांची रेखाटने संग्रहालयात गेली. आपल्याकडे वेश नटाच्या नावावर जमा झाला.

या दोन परंपरांची भेट मात्र एकदा झाली आहे, आणि तीही व्हिक्टोरियन नाटकाच्याच मध्यस्थीने. ब्रँडन थॉमस यांचे ‘चार्लीज आँट’ हे प्रहसन १८९२ मध्ये आले. ते पँटोमाइम नव्हे. पण त्यात डब्ल्यू. एस. पेन्ली यांनी रंगवलेली, काळ्या रेशमी झग्यातील आणि पांढऱ्या केसांच्या टोपातील खोटी मावशी ही डेमचीच बहीण होती. लंडनमध्ये त्याचे १४६६ प्रयोग झाले. आचार्य अत्रे यांनी त्याचे मराठी रूपांतर केले ते ‘मोरूची मावशी’. इंग्रजी शब्दाला मराठीत आत्या, काकू, मामी असे पर्याय होते. अत्र्यांनी मावशी निवडली. अनुप्रास हे एक कारण असेल. पण तमाशाच्या प्रेक्षकाला ‘मावशी’ म्हणताच पुरुषाने घेतलेला पदर दिसतो, ही गोष्ट अत्र्यांसारख्या लोकरंगाची जाण असलेल्या नाटककाराच्या ध्यानात नसेल असे मानणे कठीण आहे. या एका शब्दामुळे परदेशी झगा उतरून मराठी साडी आली आणि तरीही विनोद परका वाटला नाही.

१९८० च्या दशकात विजय चव्हाण (१९५५–२०१८) यांनी ही मावशी पुन्हा उभी केली तेव्हा त्यांच्या वेशाविषयी ‘बालगंधर्वांची आठवण झाली’ अशा धर्तीचे कौतुक करण्याचा मोह होणे साहजिक होते. ते कौतुक त्या भूमिकेवर अन्याय करणारे आहे. चव्हाणांच्या मावशीच्या साडीला सुंदर दिसायचे नव्हते. तिला ऐन वेळी पायांत यायचे होते, पदर चुकीच्या खांद्यावर जायचा होता, आणि नाचताना आतला गडी बाहेर डोकवायचा होता. हे साधणारी साडी नेसवणे हे शालू नेसवण्याइतकेच कौशल्याचे काम आहे : कोठे पिना लावायच्या यापेक्षा कोठे लावायच्या नाहीत हे तेथे ठरवावे लागते. ते काम करणाऱ्या कपडेपटातील माणसांकडे या बाबतीतली माहिती तोंडी स्वरूपात असते. विल्हेल्मप्रमाणे त्यांनी ती कागदावर उतरवलेली नाही. आणि वेशभूषेवरील प्रबंध अजूनही छायाचित्रांतील नटाकडे पाहून लिहिले जातात, नेसवणाऱ्याला विचारून नव्हे.